क्षेपणास्त्रांवरील घाव : न्याय्य किती, सफल किती?

महाभारतातील अश्वत्थाम्याला ब्रह्मास्त्र सोडण्याची विद्या ठाऊक होती. ते परत घेण्याची नव्हती. विसाव्या शतकाच्या मध्यावर क्षेपणास्त्रे अवतरली आणि ही कथा पुराणातून इतिहासात आली. तोफेचा गोळा काही कोस जातो. विमानाला वाटेतून माघारी बोलावता येते. परंतु एकदा सुटलेले क्षेपणास्त्र कोणाचीही आज्ञा ऐकत नाही, आणि शेकडो मैलांवरचे नगर ते काही मिनिटांत गाठते. म्हणूनच ज्याच्या शत्रूच्या हाती असे अस्त्र आले आहे, त्या राष्ट्राच्या मनात एक विचार हटकून येतो : हे अस्त्र सुटण्यापूर्वीच, ते जमिनीवर उभे असतानाच, त्याचा निकाल का लावू नये?

या विचाराला दोन प्रश्न आडवे येतात. असा घाव घालण्याचा अधिकार आहे काय, हा पहिला; आणि घातला तर तो लागू पडेल काय, हा दुसरा. पहिला प्रश्न विधिज्ञांचा आणि दुसरा सेनापतींचा, अशी वाटणी सामान्यतः केली जाते. दोघांनी आपापल्या दालनात बसून उत्तरे द्यावीत आणि राज्यकर्त्यांनी ती जुळवून घ्यावीत, असा रिवाज आहे. परंतु १९४३ ते २००३ या साठ वर्षांचा अनुभव पाहिला म्हणजे ही वाटणी कृत्रिम आहे हे ध्यानी येते. आगाऊ घातलेल्या घावाचे सारे समर्थन ‘दुसरा इलाज नव्हता’ या एका वाक्यावर उभे असते. आणि जो इलाज म्हणून पुढे केला, तोच जर रोग बरा करीत नसेल, तर त्या वाक्याचा आधार सुटतो. येथे न्याय आणि परिणाम यांची गाठ पडते.

न्यायाची कसोटी घडली ती एका जुन्या आणि वरकरणी किरकोळ प्रसंगातून. १८३७ साली कॅनडात ब्रिटिश सत्तेविरुद्ध बंड झाले. नायगारा नदीच्या अमेरिकी काठावरून बंडखोरांना माणसे आणि सामान पोचविणारी ‘कॅरोलाइन’ नावाची एक लहानशी आगबोट होती. २९ डिसेंबरच्या रात्री ब्रिटिश पक्षाचे लोक नदी ओलांडून गेले. अमेरिकेच्या धक्क्याला बांधलेली ती बोट त्यांनी पेटविली आणि प्रवाहात सोडून दिली. या झटापटीत एक मनुष्य ठार झाला. ब्रिटनने आत्मसंरक्षणाचे कारण सांगितले. त्यावर अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डॅनिएल वेब्स्टर यांनी १८४१ साली ब्रिटिश वकिलाला पत्र लिहिले आणि आत्मसंरक्षणाची मर्यादा आखून दिली. गरज तात्कालिक आणि अनिवार असली पाहिजे. दुसरे साधन निवडण्यास वाव नसला पाहिजे. विचार करण्याचीही उसंत नसली पाहिजे. आणि केलेली कृती त्या गरजेच्या मापाबाहेर जाता कामा नये, असा त्या पत्राचा आशय होता. नॉर्वेवरील स्वारी आपण आत्मसंरक्षणासाठी केली असा युक्तिवाद जर्मनीच्या बाजूने न्यूरेंबर्गच्या न्यायालयापुढे झाला, तेव्हा १९४६ साली त्या न्यायालयाने हाच दंडक लावून तो फेटाळला.

दरम्यान १९४५ साली संयुक्त राष्ट्रांची सनद झाली. तिच्या दुसऱ्या कलमाने एका राष्ट्राने दुसऱ्याविरुद्ध बळाचा वापर करणे किंवा तशी धमकी देणे निषिद्ध ठरविले. एक्कावन्नाव्या कलमाने आत्मसंरक्षणाचा अधिकार राखून ठेवला, पण तो ‘सशस्त्र हल्ला झाला असता’ या अटीवर. या अटीचा अर्थ काय, यावर विधिज्ञांत दोन पक्ष आहेत. हल्ला प्रत्यक्ष झाला पाहिजे, असे एक पक्ष म्हणतो. उगारलेला हात खाली येईपर्यंत थांबण्याची सक्ती कायदा करीत नाही, असे दुसऱ्याचे म्हणणे आहे. क्षेपणास्त्रांनी हा वाद अधिक अवघड केला. थांबावे, तर हाती काही मिनिटेच उरतात. न थांबावे, तर शस्त्र बाळगणाऱ्या कोणत्याही शेजाऱ्यावर केव्हाही तुटून पडण्यास मोकळीक मिळते. ज्या दंडकाने दुर्बळाचे रक्षण व्हावयाचे, तोच प्रबळाच्या हातचे हत्यार होतो.

आता परिणामाचा प्रश्न. क्षेपणास्त्रांविरुद्धचे पहिले युद्ध ब्रिटनने जर्मनीशी केले. तेथे अधिकाराविषयी शंका नव्हती. युद्ध आधीपासून चालूच होते. म्हणून सैनिकी परिणाम निखळपणे पाहावयास ते उदाहरण सोयीचे आहे. बाल्टिक समुद्रकाठच्या पेनेम्युंडे येथे जर्मन शास्त्रज्ञ अग्निबाण तयार करीत आहेत, अशी खात्री पटल्यावर १७ ऑगस्ट १९४३ च्या रात्री सहाशेच्या आसपास ब्रिटिश बाँबफेकी विमाने त्यावर चालून गेली. त्यांतील चाळीस परतली नाहीत. अग्निबाणाच्या इंजिनाचा तज्ज्ञ वाल्टर टील या हल्ल्यात ठार झाला. पण जवळच्या छावणीतील शेकडो परदेशी मजूरही त्याच बाँबवर्षावात बळी पडले.

या हल्ल्याने जर्मनांचे काम मागे पडले. ते थांबले मात्र नाही. कारखाना नॉर्डहाउझेनजवळच्या डोंगरातील बोगद्यांत नेण्यात आला. तेथे डोरा या छळछावणीतील कैद्यांकडून मरेपर्यंत काम करवून घेतले गेले. हे अस्त्र अंगावर पडून जितके लोक मेले, त्याहून अधिक ते घडविताना मेले, असा इतिहासकारांचा हिशेब आहे. फ्रान्सच्या किनाऱ्यावर बांधलेले काँक्रीटचे प्रचंड तळ बाँबफेकीने निकामी झाले, तेव्हा जर्मनांनी ‘व्ही-२’ अग्निबाण गाड्यांवर चढविले. झाडीतून यावे, रस्त्याच्या कडेला बाण उभा करावा, तो सोडावा आणि पुन्हा झाडीत शिरावे, असा क्रम सुरू झाला. ८ सप्टेंबर १९४४ रोजी असा पहिला बाण लंडनवर पडला. तो ध्वनीहून वेगवान असल्यामुळे आधी स्फोट होई आणि मग त्याच्या येण्याचा आवाज ऐकू येई. भोंगा वाजविण्यासही अवसर नसे. मार्च १९४५ अखेरपर्यंत एकट्या ब्रिटनमध्ये या बाणांनी २,७००हून अधिक माणसे मारली.

हे फिरते बाण टिपण्यासाठी झालेल्या प्रयत्नांतील एक दिवस विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. हेग शहरालगतच्या वनराईतून बाण सुटत असत. ३ मार्च १९४५ रोजी ब्रिटिश विमानांनी त्या वनराईवर हल्ला योजिला. परंतु नेम चुकला आणि बाँब शेजारच्या बेझ्वायडेनहाउट या दाट वस्तीवर पडले. ज्यांना मुक्त करावयाचे त्याच डच लोकांपैकी पाचशेहून अधिक नागरिक प्राणास मुकले. अग्निबाण सुटतच राहिले. ते थांबले ते पुढे काही आठवड्यांनी, दोस्तांच्या भूसेना पुढे सरकून त्या पट्ट्याचे रसदमार्ग तुटू लागले तेव्हा. आकाशातून विलंब विकत घेता येतो, निकाल नव्हे, हा धडा युरोपच्या भूमीवर असा लिहिला गेला.

यानंतर सतरा वर्षांनी जो प्रसंग आला त्यात न्याय आणि परिणाम हे दोन्ही प्रश्न घाव घालण्याच्या आधी, एकाच मेजाभोवती बसून विचारले गेले. म्हणून या विषयात त्याचे स्थान अनन्य आहे. १४ ऑक्टोबर १९६२ रोजी अमेरिकेच्या टेहळणी विमानाने क्यूबाची छायाचित्रे घेतली आणि सोव्हिएत क्षेपणास्त्रांचे तळ तेथे उभे राहत असल्याचे आढळून आले. १६ तारखेस ती छायाचित्रे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्यापुढे आली. भारताचे सारे लक्ष त्या महिन्यात हिमालयाकडे लागले होते, कारण २० ऑक्टोबरला चिनी फौजा सीमा ओलांडून आल्या. पण त्याच दिवसांत वॉशिंग्टनमध्ये जो खल चालू होता, त्यावर साऱ्या जगाचेच भवितव्य टांगले होते.

पहिल्या दिवशी केनेडींच्या सल्लागारांचा कल आकाशी हल्ल्याकडे होता. उपपरराष्ट्रमंत्री जॉर्ज बॉल यांनी त्याला जो विरोध केला तो कायद्यापेक्षा स्मृतीच्या भाषेत होता. पूर्वसूचना न देता लहान देशावर असा हल्ला करणे म्हणजे जपानने पर्ल हार्बरवर जे केले तेच आपण करणे होय, असा त्यांचा मुद्दा होता. राष्ट्राध्यक्षांचे बंधू रॉबर्ट केनेडी यांनीही पुढे हीच भूमिका उचलून धरली. सेनाप्रमुखांना ती मुळीच मान्य नव्हती. १९ तारखेच्या भेटीत हवाईदलाचे प्रमुख कर्टिस लेमे यांनी नाकेबंदीच्या मवाळ मार्गाची तुलना म्युनिकच्या शरणागतीशी केली.

विधिज्ञांपुढचा पेच वेगळाच होता. एक्कावन्नाव्या कलमाचा आधार घ्यावयाचा, तर क्यूबात क्षेपणास्त्रे ठेवणे हाच सशस्त्र हल्ला आहे असे म्हणावे लागते. पण अमेरिकेची ‘ज्युपिटर’ क्षेपणास्त्रे तुर्कस्तानात आणि इटलीत सोव्हिएत संघाच्या रोखाने उभी होती. जो न्याय क्यूबाला तोच तुर्कस्तानाला लावला, तर सोव्हिएत संघालाही पहिला घाव घालण्याचा अधिकार मिळतो. एका प्रसंगापुरता म्हणून काढलेला कायदा दुसऱ्या दिवशी शत्रूच्या हाती जातो, हे परराष्ट्रखात्याच्या विधिसल्लागारांनी ओळखले. त्यांनी एक्कावन्नावे कलम बाजूस ठेवून १९४७ च्या रिओ कराराची वाट धरली. २३ ऑक्टोबर रोजी अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेने एकही विरोधी मत न पडता प्रतिबंधास संमती दिली. युद्धकृत्याचा वास येणारा ‘नाकेबंदी’ हा शब्द टाळून, रोगाचा संसर्ग अडविण्यासाठी योजतात तो ‘क्वारंटाइन’ हा शब्द वापरण्यात आला. क्यूबाकडे शस्त्रे नेणारी जहाजे तेवढी अडवावयाची. बाकी व्यवहार चालू राहू द्यावयाचे. हा आधारही निर्दोष नव्हता. सुरक्षा समितीच्या परवानगीवाचून प्रादेशिक संघटनेने बळजबरीची कारवाई करू नये, असे सनदेचे त्रेपन्नावे कलम सांगते, आणि ती परवानगी मिळालेली नव्हती. तरीही निवडलेला मार्ग मापात राहिला आणि त्यात मागे फिरण्यास जागा होती, हे नाकारता येत नाही.

परंतु या निर्णयात न्यायबुद्धीइतकाच वाटा एका रोखठोक सैनिकी उत्तराचाही होता. २१ ऑक्टोबरला केनेडींनी आकाशी दलाचे जनरल वॉल्टर स्वीनी यांना बोलावून विचारले : हल्ला केला तर सर्व क्षेपणास्त्रे नष्ट होतील काय? हल्ला यशस्वी होईल, असे स्वीनी यांनी सांगितले. पण ज्ञात असलेली सर्व क्षेपणास्त्रे त्यात नष्ट होतीलच, अशी हमी त्यांनी दिली नाही. संयुक्त सेनाप्रमुख मॅक्सवेल टेलर यांनी फार तर नव्वद टक्क्यांचा भरवसा दिला, आणि तोही ठाऊक असलेल्या क्षेपणास्त्रांपुरता. साध्या युद्धात नव्वद टक्के यशाला विजय म्हणतात. येथे मात्र उरलेल्या दहा टक्क्यांत एकेका शहराची राख होती. म्हणजे ‘दुसरा इलाज नाही’ म्हणून जो मार्ग सुचविला जात होता, तो इलाजच ठरत नव्हता.

या सावधपणाचे खरे मोल तीस वर्षांनी कळले. १९९२ च्या जानेवारीत हवाना येथे भरलेल्या परिषदेत सोव्हिएत जनरल अनातोली ग्रिबकोव्ह यांनी सांगितले, की १९६२ साली क्यूबात रणांगणावर वापरावयाची लहान अण्वस्त्रेही होती. अमेरिकेच्या अंदाजाने तेथे सुमारे १०,००० सोव्हिएत सैनिक होते. वस्तुतः ते ४०,०००हून अधिक होते. आकाशी हल्ल्यामागून स्वारी करण्याची जी योजना तयार होती ती अमलात आली असती, तर किनाऱ्यावर उतरणाऱ्या सैन्यापुढे काय वाढून ठेवले होते, याची कल्पना वॉशिंग्टनमध्ये कोणाला नव्हती. तेव्हाचे संरक्षणमंत्री मॅकनमारा त्या परिषदेत उपस्थित होते. हे ऐकून ते हादरून गेले.

अर्थात, केवळ संयमाने क्षेपणास्त्रे हलली, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, हे खरेच आहे. प्रतिबंधामागे आरमार उभे होते आणि फ्लोरिडात सैन्य जमत होते. २७ ऑक्टोबरला एक अमेरिकी टेहळणी विमान पाडले गेले व त्याचा वैमानिक ठार झाला, तेव्हा प्रत्याघाताचा आग्रह झाला. केनेडींनी तो आवरला. त्याच रात्री रॉबर्ट केनेडी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना भेटले. क्यूबावर स्वारी न करण्याचे वचन उघड होते. तुर्कस्तानातील क्षेपणास्त्रे काही महिन्यांत काढून घेण्याचे आश्वासन गुप्त होते. दुसऱ्या दिवशी क्रुश्चेव्ह यांचे उत्तर मॉस्को रेडिओवरूनच जगाला ऐकविण्यात आले. क्षेपणास्त्रे सोव्हिएत जहाजांवर चढून परत गेली. अमेरिकी विमानांनी आणि जहाजांनी ती समुद्रातच मोजून घेतली. बाँबने नव्वद टक्के साधले असते. धाक आणि देवघेव यांनी शंभर टक्के साधले.

तिसरे उदाहरण इराकचे. तेथे हाच प्रयोग दोनदा झाला, एकदा कायद्याच्या पाठबळावर आणि एकदा त्याच्यावाचून. कुवेत गिळंकृत करणाऱ्या इराकविरुद्ध बळ वापरण्यास सुरक्षा समितीने २९ नोव्हेंबर १९९० रोजी ६७८ क्रमांकाच्या ठरावाने मुभा दिली. १७ जानेवारी १९९१ रोजी युद्ध पेटले आणि दुसऱ्याच दिवसापासून इराकची ‘स्कड’ जातीची क्षेपणास्त्रे इस्रायलवर आणि पाठोपाठ सौदी अरेबियावर पडू लागली. पश्चिम इराकच्या वाळवंटात त्यांच्या गाड्यांचा शोध सुरू झाला. त्या वेळची सर्वांत प्रगत विमाने रात्रंदिवस घिरट्या घालीत होती आणि निवडक पथके जमिनीवरूनही शोध घेत होती. ऐंशीच्या आसपास गाड्या नष्ट केल्याचे वृत्त वैमानिकांनी दिले. युद्धानंतर अमेरिकी हवाईदलाच्याच वतीने जी सविस्तर पाहणी झाली, तिचा अहवाल १९९३ साली निघाला. विमानांनी एक तरी फिरती गाडी निश्चितपणे नष्ट केली असा निर्विवाद पुरावा मिळत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. लाकडी-पत्र्याच्या बनावट गाड्या, तेलाच्या टाक्या, रस्त्यावरची साधी वाहने, अशी कितीतरी लक्ष्ये ‘स्कड’ समजून फोडली गेली होती. साप साप म्हणून भुई धोपटणे, ते हेच. विमानांच्या धास्तीने इराकी पथके लपून राहिली आणि त्यांचा मारा मंदावला, एवढे श्रेय या शोधमोहिमेला देणे रास्त आहे. तथापि २५ फेब्रुवारीला, युद्ध संपावयास तीन दिवस उरले असताना, एक क्षेपणास्त्र धाहरानजवळच्या अमेरिकी बराकीवर पडले आणि २८ सैनिक ठार झाले.

जे विमानांना साधले नाही ते पुढे निरीक्षकांनी साधले. एप्रिल १९९१ च्या ६८७ क्रमांकाच्या ठरावाने १५० किलोमीटरहून लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे बाळगण्यास इराकला मनाई केली आणि त्यासाठी संयुक्त राष्ट्रांचे तपासणी मंडळ नेमले. या मंडळाने कागदपत्रे तपासली, माणसांच्या जबान्या घेतल्या, पुरलेले अवशेष उकरले. इराकने सोव्हिएत संघाकडून घेतलेल्या ८१९ ‘स्कड’ क्षेपणास्त्रांपैकी ८१७ चा हिशेब त्याने लावला. त्यांतील बरीचशी इराणशी झालेल्या युद्धात आधीच खर्ची पडली होती. काही इराकने गुपचूप मोडली होती. उरलेली मंडळाच्या देखरेखीखाली नष्ट झाली. इराक फसवीत होता, अडवीत होता, वेळ काढीत होता. तरीही वहीतील जमाखर्च जुळला.

एवढे असूनही २००३ साली काय घडले? हान्स ब्लिक्स यांच्या निरीक्षकांना इराकच्या ‘अल् समूद-२’ या क्षेपणास्त्राचा पल्ला १५० किलोमीटरच्या मर्यादेपलीकडे जात असल्याचे आढळले. त्यांनी ती मोडण्यास सांगितले आणि १ मार्चपासून ती निरीक्षकांच्या डोळ्यांदेखत मोडली जाऊ लागली. सुमारे ७० क्षेपणास्त्रे अशी मोडून झाली होती, तोच निरीक्षकांना परत बोलावण्यात आले आणि २० मार्चला स्वारी सुरू झाली. सुरक्षा समितीने त्यासाठी नवी अनुज्ञा दिलेली नव्हती. जुन्या ठरावांचाच अधिकार पुन्हा जागा होतो, असा युक्तिवाद अमेरिका आणि ब्रिटन यांनी केला. संयुक्त राष्ट्रांचे महासचिव कोफी अन्नान यांनी सप्टेंबर २००४ मध्ये हे युद्ध सनदेशी विसंगत असल्याचे सांगितले. ज्या संहारक अस्त्रांसाठी स्वारी झाली, त्यांचे साठे सापडले नाहीत. ब्रिटनमधील चिलकॉट चौकशीने २०१६ साली, शांततेचे मार्ग संपण्यापूर्वीच हे युद्ध पत्करले गेले, असा निष्कर्ष काढला. वेब्स्टर यांच्या पत्रातील ‘दुसरे साधन निवडण्यास वाव नसला पाहिजे’ ही अट येथे किती सार्थ ठरते! दुसरे साधन केवळ उपलब्ध नव्हते, तर ते त्या क्षणी काम करीत होते.

या तिन्ही उदाहरणांवरून बळाचा उपयोग कधीच नसतो, असा निष्कर्ष निघत नाही. हिटलरचे अग्निबाण शेवटी सैन्यानेच थांबविले. क्यूबात आरमार उभे नसते, तर क्रुश्चेव्ह यांनी पत्रांची उत्तरे इतक्या त्वरेने दिली नसती. १९९१ च्या पराभवावाचून इराकने निरीक्षकांना दार उघडले नसते. निष्कर्ष निघतो तो इतकाच, की क्षेपणास्त्रसज्ज राष्ट्रावर अकस्मात घाव घालून भय कायमचे नाहीसे करता येईल, ही आशा त्या साठ वर्षांत एकदाही फळाला आली नाही. घाव जितका लागतो, तितके शस्त्र डोंगरात, झाडीत, वाळूत शिरते. जे उरते त्याचा हिशेब कोणालाच लागत नाही. आणि ज्याच्यावर घाव पडला त्याला ते वापरण्याचे सबळ कारण मिळते.

म्हणून स्वीनी यांना विचारलेला प्रश्न हा खरा विधिज्ञांचाही प्रश्न आहे. ‘सर्व नष्ट होतील काय?’ या प्रश्नाला ‘होय’ असे प्रामाणिक उत्तर देता येत नसेल, तर ‘दुसरा इलाज नव्हता’ हे वाक्य न्यायाच्या दरबारात टिकत नाही. १९६२ साली हा प्रश्न विचारणारा राज्यकर्ता होता, आणि ‘हमी देता येत नाही’ असे तोंडावर सांगणारा सेनापती होता. सनदेचे कलम कागदावर कितीही नेटके असले, तरी अखेर त्याचे रक्षण अशाच माणसांच्या धैर्यावर अवलंबून राहते. बेझ्वायडेनहाउटच्या पाचशे घरच्या माणसांना त्या सकाळी असा प्रश्न विचारणारा कोणी लाभला नव्हता.